रोज चालूनही पोकेमॉन गोमधली अंडी पुढे सरकत नाहीत? किलोमीटर कुठे मुरतात ते आधी शोधा

‘पाच किलोमीटर चालून आले आणि अंडं जेमतेम सव्वा किलोमीटर पुढे गेलंय.’ पोकेमॉन गो या चालत खेळायच्या फोनवरच्या खेळात अंडी ठरावीक किलोमीटर चाललं की फुटतात आणि त्यांतून पोकेमॉन, म्हणजे खेळातले प्राणी, निघतात. त्याबद्दलची ही तक्रार मला सतत कुणी ना कुणी सांगतं, आणि त्याच्या मागोमाग येणारा प्रश्नही ठरलेला असतो: आणखी इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची खेळातली यंत्रं, घेऊ का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. इन्क्युबेटर एक असो की सहा, सगळ्यांतली अंडी एकाच मोजणीवर उबतात. मोजणीतच खोट असेल तर सहा अंडी एकदम अडकून बसतील आणि तुमची खेळातली नाणी मात्र गेलेली असतील.

माझ्याबाबतीत हे तीनदा झालंय आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या वेळी फोनच्या बॅटरीच्या सेटिंगनं खेळाला पार झोपवून टाकलं होतं. दुसऱ्या वेळी पावलं मोजणाऱ्या ॲपची परवानगीच निघून गेली होती. तिसऱ्या वेळचं कारण सापडायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले, कारण तेव्हा अंतर अगदी बरोबर मोजलं जात होतं, फक्त ते अंड्यापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: तुमचे किलोमीटर मोजलेच जात नाहीत, की मोजले जाऊन वाया जातात? या दोन्हींवरचे उपाय एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

खेळ अंतर कसं मोजतो

अंतर मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

ॲप उघडं असताना खेळ जीपीएसवर चालतो. थोड्या थोड्या वेळानं तुम्ही कुठे आहात ते बघतो आणि आधीच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंतचं अंतर जमा करतो. त्यावर वेगाची मर्यादा आहे, ताशी साधारण साडेदहा किलोमीटर. त्याहून जोरात गेलात तर ते अंतर अंड्यात धरलं जात नाही.

ॲप बंद असताना ‘ॲडव्हेंचर सिंक’ काम करतं. ही सोय २०१८ मध्ये आली. त्याआधी स्क्रीन सुरू ठेवून, बॅटरी जाळत चालण्याला फारसा पर्याय नव्हता. ॲडव्हेंचर सिंक स्वतः काही मोजत नाही. तुमच्या फोनमधलं आरोग्याचं ॲप जे अंतर नोंदवतं तेच ते उचलतं. म्हणजे इथे साखळी लांबते: फोनमधला सेन्सर, मग आरोग्याचं ॲप, मग खेळ, मग अंडं. यातली एक कडी निसटली तरी अंडं जागचं हलत नाही, आणि कुठली निसटली ते खेळ सांगत नाही.

एका दिवसात करायची चाचणी

अंदाजानं सेटिंग बदलत बसू नका. आधी आकडे हातात घ्या.

ज्याची लांबी तुम्हाला नक्की माहीत आहे असा साधारण एक किलोमीटरचा रस्ता निवडा. इन्क्युबेटरमधल्या एका अंड्यावरचा आकडा दशांशासकट लिहून ठेवा, आणि ॲप उघडं ठेवून, स्क्रीन सुरू ठेवून, नेहमीच्या चालीनं तो रस्ता चाला. परतल्यावर पुन्हा आकडा बघा.

मग तोच रस्ता ॲप पूर्ण बंद करून चाला. नुसतं स्क्रीन लॉक करून खिशात टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे, मागे उघडं राहिलेलं ॲपही बाजूला सारून बंद करा. चालून झाल्यावर खेळ उघडायच्या आधी आरोग्याच्या ॲपमध्ये किती अंतर आलंय ते बघा. मग खेळ उघडा आणि काही मिनिटं थांबा, कारण हे अंतर लगेच येत नाही, थोडं मागून येतं. पुष्कळ जण इथेच घाई करतात. उघडलं, आकडा तसाच दिसला, वैतागून बंद केलं. त्यामुळे चाचणीचा निष्कर्षच चुकतो.

आता तुमच्याकडे तीन आकडे आहेत. पहिल्या फेरीचा आकडा कमी असेल तर जीपीएसकडे बघा. दुसऱ्या फेरीत आरोग्याच्या ॲपमध्येच अंतर आलं नसेल तर दोष खेळाचा नाही, फोन पावलंच मोजत नाहीये. आरोग्याच्या ॲपमध्ये अंतर आलं पण खेळात नाही, तर दोघांमधली जोडणी तुटली आहे. आणि सगळे आकडे बरोबर असतील तर किलोमीटर पुढे कुठेतरी वाया जातायत. तसं असेल तर पुढचे दोन भाग सोडून थेट ‘मोजले जातात पण वाया जातात’ या भागाकडे जा.

ॲप बंद असताना काहीच जमा होत नाही

बहुतेकांचं दुखणं हेच निघतं, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यांत आधी बॅटरी. बॅटरी सेव्हर सुरू असेल तर फोन मागे चालणाऱ्या कामांना आवर घालतो आणि पावलांची नोंदही त्यात अडकते. अँड्रॉइड फोनमध्ये याच्या जोडीला प्रत्येक ॲपसाठी बॅटरीची वेगळी सेटिंग असते. ती खेळासाठी आणि आरोग्याच्या ॲपसाठी, दोन्हींसाठी, ‘अनिर्बंध’ किंवा त्या अर्थाच्या पर्यायावर ठेवा. काही फोनमध्ये याशिवाय कंपनीनं स्वतःची एखादी ‘फोन स्वच्छ करा’ छापाची सोय दिलेली असते आणि ती तासातासानं ॲप बंद करत सुटते. माझ्या जुन्या फोनमध्ये नेमकं हेच होत होतं. सकाळचं चालणं नोंदवलं जायचं, दुपारपासूनचं सगळं गायब. दिवसाच्या ठरावीक वेळेनंतर अंतर येणं थांबतंय असं दिसलं तर आधी या सोयीवर संशय घ्या.

मग परवानग्या. स्थानाची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच दिली असेल तर ॲडव्हेंचर सिंकला ती पुरत नाही. आयफोनवर ‘नेहमी’, अँड्रॉइडवर ‘सर्व वेळ परवानगी द्या’ हा पर्याय हवा. शिवाय हालचालीची परवानगी वेगळी असते: आयफोनवर ‘मोशन अँड फिटनेस’, अँड्रॉइडवर ‘शारीरिक ॲक्टिव्हिटी’. अँड्रॉइड १० पासून ही स्वतंत्रपणे मागितली जाते, आणि ती खिडकी समोर आली की न वाचता ‘नको’ दाबणारे खूप आहेत. आयफोनही अधूनमधून विचारतो की हे ॲप मागे तुमचं स्थान वापरतंय, चालू ठेवू का? तिथे चुकून ‘फक्त वापरताना’ निवडलं गेलं की त्या दिवसापासून मोजणी बंद.

‘दोन महिन्यांपूर्वी सगळं नीट केलं होतं, आता पुन्हा तेच’ असं म्हणणाऱ्यांनी पुढची गोष्ट जरूर तपासावी. अँड्रॉइड ११ पासून, जे ॲप काही महिने उघडलं जात नाही त्याच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेऊ शकतो. खेळ आपण रोज उघडतो, त्याच्या परवानग्या शाबूत राहतात. पण आरोग्याचं ॲप? ते एकदा जोडलं की आपण विसरून जातो. कुणाच्या लक्षात न येता त्याची परवानगी जाते, पावलं मोजणं थांबतं आणि आपण खेळाला दोष देत बसतो. माझी दुसऱ्या वेळची अडचण हीच होती. त्या ॲपच्या सेटिंगमध्ये ‘न वापरल्यास परवानग्या काढा’ अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करून ठेवा.

फोनमध्ये दोन खाती असतील तर आणखी एक घोळ होतो. पावलं एका खात्यावर जमा होतात आणि खेळ जोडलेला असतो दुसऱ्याला. अशा वेळी ॲडव्हेंचर सिंक खेळाच्या सेटिंगमधून एकदा बंद करून पुन्हा सुरू करा, आणि खातं विचारलं की ज्याच्यावर खरोखर पावलं दिसतात तेच निवडा.

बाकी दोन छोट्या गोष्टी. वेळेचा विभाग (टाइम झोन) हातानं लावला असेल तर तो आपोआपवर ठेवा, प्रवासात यामुळे मोजणी बिघडते. आणि आरोग्याच्या ॲपमध्ये हातानं टाइप केलेलं अंतर अंड्यासाठी धरलं जात नाही, त्यात वेळ घालवू नका.

ॲप उघडं असताना कमी जमा होतं

याला बहुतेक वेळा तुमचा रस्ता किंवा वेग कारणीभूत असतो. खेळ दोन ठिकाणं सरळ रेषेनं जोडतो, त्यामुळे छोट्या बागेत गोल गोल फिरलं किंवा एकाच गल्लीत येरझाऱ्या घातल्या की वळणं कापली जातात आणि अंतर घटतं. तेवढंच चालायचं असेल तर लांब, सरळ रस्ता घ्या. इमारतीच्या आत जीपीएस भरकटतो. तिथे ॲप बंद ठेवून पावलांवर भिस्त ठेवणं बरं. ट्रेडमिलवर तर दुसरा इलाजच नाही.

धावणाऱ्यांसाठी खास: चांगल्या वेगानं धावलं की साडेदहाची मर्यादा सहज ओलांडली जाते. धावताना ॲप बंद ठेवा. सायकल तर नेहमीच्या वेगानं चालवली तरी मर्यादेच्या वर जाते, तेव्हा सायकलवर अंडी उबवायचा नाद सोडलेला बरा.

मोजले जातात पण वाया जातात

ही माझी तिसरी अडचण. आकडे बरोबर होते, आठवड्याची बेरीज बरोबर होती, सोमवारी सकाळी ९ वाजता येणारं आठवड्याच्या अंतराचं बक्षीसही नीट मिळत होतं. तरी अंडी माझ्या चालण्याच्या मानानं फारच कमी फुटत होती.

उलगडा झाला तो एका कागदावर आठवडाभर सगळं लिहून ठेवल्यावर. अंडं फक्त ॲप उघडल्यावरच फुटतं. ॲप बंद असताना अंड्याचं अंतर पूर्ण झालं की ते तसंच पडून राहतं, आणि त्यानंतर तुम्ही जे चालता त्यातलं काहीही त्या इन्क्युबेटरला मिळत नाही. उरलेलं अंतर पुढच्या अंड्यासाठी शिल्लक राहत नाही.

माझा दिवस असा होता. सकाळी कधीही न संपणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये २ किलोमीटरचं अंडं ठेवायचं आणि ॲप बंद. दिवसभरात इकडून तिकडे करत ७ किलोमीटर व्हायचे. संध्याकाळी ॲप उघडलं की अंडं फुटायचं आणि मला बरं वाटायचं. पण ते दोन किलोमीटर केव्हाच झालेले असायचे, पुढचे पाच हवेत विरायचे. पाच दिवसांचे पंचवीस. तेवढ्यात त्याच इन्क्युबेटरमध्ये ५ किलोमीटरची पाच अंडी फुटली असती.

सगळे नवख्यांना सांगतात की न संपणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये लहान अंडी ठेवा आणि मोजक्या वापरांच्या इन्क्युबेटरमध्ये मोठी. नाण्यांच्या दृष्टीनं हे शंभर टक्के बरोबर आहे. पण हा सल्ला ॲप उघडं ठेवून चालणाऱ्यांचा आहे. फोन खिशात टाकून दिवसभर चालणाऱ्यानं तो जसाच्या तसा पाळला तर त्याचं नुकसान होतं.

मी आता एवढंच बघते: पुन्हा ॲप कधी उघडणार, आणि तोवर किती चालणं होणार? अंड्याचं उरलेलं अंतर निदान तेवढं हवं. दिवसभर ॲप बंद राहणार असेल तर सकाळी १० किंवा १२ किलोमीटरचं अंडं आत जातं, मग इन्क्युबेटर कुठलाही असो. २ किलोमीटरची अंडी मी संध्याकाळच्या फेरीसाठी राखते. तेव्हा ॲप उघडंच असतं, एक फुटलं की लगेच दुसरं आत. जेवायच्या वेळी दोन मिनिटं ॲप उघडणं जमत असेल तर तेही पुरतं, फक्त अंतर येईपर्यंत थांबा. ठेवताना नीट विचार करा, कारण एकदा इन्क्युबेटरमध्ये ठेवलेलं अंडं बाहेर काढता येत नाही आणि बदलताही येत नाही.

अंडं फुटायच्या बेतात आल्याची सूचना येते, ती सुरू ठेवा. हा उपद्रव वाटून बंद करणारे बरेच आहेत, पण या गळतीवर तिच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

नऊ जागा नको त्या अंड्यांनी भरलेल्या असतात

अंडं टाकून देता येत नाही. त्यामुळे एकदा साठ्यातल्या ९ जागा भरल्या की तुम्हाला हवं असलेलं अंडं मिळण्याचा रस्ता बंद होतो, आणि तो एखादं अंडं फुटल्याशिवाय उघडत नाही. ‘रॉकेटच्या (खेळातल्या खलनायकांच्या टोळीच्या) लीडरला हरवलं तरी १२ किलोमीटरचं अंडं मिळालं नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेकदा हेच झालेलं असतं.

कुठलं अंडं कुठून येतं ते पक्कं ठाऊक हवं. पोकेस्टॉप, म्हणजे नकाशावरची वस्तू देणारी ठिकाणं, फिरवून २, ५ आणि १० किलोमीटरची. मित्रांच्या गिफ्टमधून ७ ची. क्लिफ, आर्लो आणि सिएरा या तिघा लीडरपैकी कुणाला हरवलं की १२ ची, ही २०२० पासून मिळतात. आठवड्याच्या चालण्याच्या बक्षिसातून ५ आणि १० ची, आणि या बक्षिसाच्या अंड्यांसाठी नऊ जागांपलीकडे जादा जागा असते, त्यामुळे त्यांची काळजी नको.

आता गंमत बघा. जागा रिकामी होते ती अंडं फुटल्याच्या क्षणी, आणि आपण चालत असतो म्हणजे पुढचा पोकेस्टॉप अगदी जवळ असतो. सवयीनं तो फिरवला की गेली जागा. म्हणून मी फुटणाऱ्या अंड्याच्या आधीच ठरवून ठेवते की ही जागा कुणासाठी. ७ चं हवं असेल तर पोकेस्टॉपला हात न लावता आधी गिफ्ट उघडते. १२ चं हवं असेल तर पोकेस्टॉपही नाही आणि गिफ्टही नाही, सरळ लीडरशी लढाई. त्यासाठी लीडर शोधून देणारं रॉकेट रडार आधीच तयार हवं, ते ग्रंटना, म्हणजे टोळीतल्या साध्या सैनिकांना, हरवून मिळणाऱ्या सहा तुकड्यांचं बनतं. रडार नसताना जागा रिकामी ठेवून फिरणं म्हणजे फक्त ताण. याउलट ७ ची अंडी नको असतील तर नऊही जागा भरलेल्या असताना गिफ्ट उघडायच्या, मग प्रश्नच येत नाही. मनगटावर किंवा खिशात आपोआप पोकेस्टॉप फिरवणारं उपकरण वापरत असाल तर तेवढ्या वेळापुरती त्याची जोडणी तोडून ठेवा. ते तुमच्या बेताची वाट बघत नाही.

अंड्यावर टॅप केलं की त्यातून काय काय निघू शकतं ते दिसतं, आणि प्रत्येकासमोर एक ते पाच अंड्यांची चिन्हं असतात. चिन्हं जितकी जास्त तितकं ते दुर्मीळ. हे बघितल्याशिवाय एकही वापर खर्च करू नका. पाच चिन्हांच्या एखाद्या प्राण्यासाठी जीव टाकून सगळे इन्क्युबेटर त्याच अंड्यांवर लावणारे लोक मी बघितलेत आणि त्यांच्या पदरी पडलेली निराशाही बघितली आहे. एका चिन्हाचे प्राणी तुम्हाला चालतील का, हा प्रश्न आधी विचारा, कारण निघणार मुख्यतः तेच आहेत.

अर्ध्या अंतराच्या इव्हेंटमध्ये होणाऱ्या दोन चुका

खेळात अधूनमधून ठरावीक दिवसांचे इव्हेंट येतात आणि त्यांतल्या काहींत अंडी अर्ध्या अंतरात फुटतात. पहिली चूक: अंड्यात काय आहे ते अंडं मिळतानाच ठरतं, फुटताना नाही. इव्हेंटच्या आठवडाभर आधी साठवलेल्या अंड्यातून इव्हेंटचा प्राणी निघणार नाही. फुटलेल्या प्राण्याची पातळीसुद्धा अंडं घेतलं तेव्हाच्या तुमच्या पातळीवर अवलंबून असते आणि २० च्या वर जात नाही. नव्या खेळाडूंनी खाली असताना घेतलेली १० किलोमीटरची अंडी ‘नंतर उबवू’ म्हणून जपून काहीही पदरात पडत नाही.

मग जुनी अंडी राखून ठेवायचीच नाहीत का? ठेवायची, पण फक्त अंतर वाचवण्यासाठी. इथे दुसरी चूक होते. अर्ध्या अंतराची सवलत साधारणपणे अंडं इव्हेंट सुरू असताना इन्क्युबेटरमध्ये ठेवण्यावर मिळते. आधीपासून आत असलेल्या अंड्याला ती लागू होत नाही. त्यामुळे इव्हेंटच्या आदल्या दिवशी १० आणि १२ ची अंडी उत्साहानं आत टाकणं हा तोटाच. आदल्या दिवशी इन्क्युबेटर रिकामे करत आणायचे, मोठी अंडी हाताशी ठेवायची आणि इव्हेंट सुरू झाला की आत टाकायची. याची चांगली बाजू म्हणजे इव्हेंट संपायच्या पाच मिनिटं आधी आत गेलेलं अंडंही अर्ध्या अंतराचंच राहतं, मग ते फुटायला पुढचे तीन दिवस लागले तरी. त्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी मी गजर लावते.

सुपर इन्क्युबेटर वापरायची खरी वेळही हीच. तो अंतराचा एक तृतीयांश भाग कापतो, आणि इव्हेंटची सवलत त्याच्या जोडीनं लागू होते: इव्हेंटमुळे १० चे ५, आणि सुपरमुळे त्या ५ चे सुमारे सव्वातीन. ज्या दिवशी अशी सवलत नाही त्या दिवशी तो फक्त १२ किंवा १० साठी. २ किलोमीटरच्या अंड्यात तो टाकला तर वाचतात जेमतेम ७०० मीटर, १२ मध्ये वाचतात पूर्ण ४ किलोमीटर, आणि वापर दोन्हीकडे एकच खर्च होतो.

नाण्यांचा हिशेब

मोजणी सुधारली, गळती थांबली आणि तरीही इन्क्युबेटर कमी पडतायत, तरच विकत घ्या. साधा इन्क्युबेटर दुकानात नेहमीच्या भावानं १५० नाण्यांना येतो आणि तीनदा वापरता येतो, म्हणजे एका अंड्यामागे ५० नाणी. २ किलोमीटरच्या अंड्यावर लावला तर किलोमीटरमागे २५ नाणी पडली, १० च्या अंड्यावर लावला तर ५. सुपर २०० ला, तीनच वापर. खेळातल्या जिममधून, म्हणजे आपला पोकेमॉन ठेवून राखायच्या लढाईच्या ठिकाणांमधून, दिवसाला जास्तीत जास्त ५० नाणी मिळतात, म्हणजे जिममधल्या तीन भरगच्च दिवसांची कमाई म्हणजे एक साधा इन्क्युबेटर. एवढ्या मेहनतीचा वापर २ किलोमीटरच्या अंड्यावर जाताना बघवत नाही.

स्टारडस्ट (अंडी फुटल्यावरही मिळणारी, पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारी धूळ) गोळा करत असाल तर एक गोष्ट आणखी. सहा-सात अंडी एकदम फुटायच्या बेतात असतील तर शेवटचे शंभरेक मीटर उरलेले असताना ॲप उघडून स्टार पीस ही स्टारडस्ट वाढवणारी वस्तू लावा आणि मग चाला. अर्धा तास दीडपट स्टारडस्ट मिळतो आणि सगळी अंडी त्यात बसतात. हे ॲप बंद ठेवून जमत नाही, कारण उघडल्याबरोबर अंडी फुटायला लागतात.

एवढं करूनही आकडे जुळत नसतील तर

काही वेळा सगळी सेटिंग बरोबर असते आणि तरी दिवसाचं अंतर येत नाही. अशा वेळी ॲप पुन्हा पुन्हा काढून टाकून नव्यानं घेत बसू नका. त्यात दिलेल्या परवानग्या पुसल्या जातात आणि आधीपासून जे नीट होतं तेही बिघडतं. फोन एकदा बंद करून सुरू करा, आरोग्याचं ॲप उघडून त्यात आजचं अंतर ताजं दिसतंय का बघा, मग खेळ उघडा. घड्याळावर पावलं मोजत असाल तर घड्याळातला आकडा फोनमध्ये उतरलाय का ते खेळ उघडायच्या आधी बघणं महत्त्वाचं. बऱ्याचदा अंतर हरवलेलं नसतं, ते अजून घड्याळातच असतं.

तरीही अडलं तर खेळातल्या मदत विभागाला लिहा, पण ‘अंडी फुटत नाहीत’ एवढंच लिहू नका. एकाच दिवसाचे दोन स्क्रीनशॉट जोडा, एक आरोग्याच्या ॲपमधल्या अंतराचा आणि एक खेळातल्या आठवड्याच्या प्रगतीचा. सोबत फोनचं मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, आणि ॲप कधी बंद केलं, कधी उघडलं त्या वेळा द्या. वरची एक किलोमीटरची चाचणी केली असेल तर तिचे तिन्ही आकडे तुमच्याकडे तयारच आहेत, तेही त्यात घाला.